नुसते दोन सर्व्हर घेऊन भागत नाही

गाळप हंगामात साखर कारखान्याचा काटा रात्रंदिवस चालतो. वजनाची नोंद अडली की ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग थेट रस्त्यावर. सोलापूर जिल्ह्यात अशा कारखान्यासाठी वजननोंदीची, एक बंद पडला तर दुसरा काम घेईल अशी दोन सर्व्हरची यंत्रणा आखताना, ती किती टक्के वेळ चालू राहील या टक्केवारीत अडकू नका. ९९.९ टक्के म्हणजे वर्षाला पावणेनऊ तास बंद. ते सगळे हंगामात एकाच रात्री गेले तरी कागदावर करार पाळलेलाच! 'एका वेळी जास्तीत जास्त किती मिनिटं बंद चालेल' आणि 'किती नोंदी गेल्या तर चालतील' हे दोन आकडे व्यवस्थापनाकडून लेखी घ्या.

मग दोन्ही सर्व्हरमध्ये सामायिक काय आहे ते शोधा. यूपीएस, नेटवर्क स्विच, एसी? प्रत्येक सर्व्हरचे दोन पॉवर सप्लाय दोन वेगळ्या यूपीएसवर हवेत. इंटरनेट दोन कंपन्यांचं असलं तरी केबल एकाच चरातून आली असेल, तर जेसीबी दोन्ही एकदम तोडतो. यूपीएसच्या बॅटऱ्या २५ अंशांच्या हिशेबाने बनतात. सोलापूरच्या मे महिन्यात बंद खोलीत त्या लवकर मरतात.

खरी गोम तिसऱ्या मताची, म्हणजे मुख्य सर्व्हर कोण हे ठरवायला लागणाऱ्या तिसऱ्या यंत्राची. दोनच सर्व्हर असतील आणि मधली केबल तुटली, तर दोघंही स्वतःला मुख्य समजू शकतात. एकच पावती क्रमांक दोन गाड्यांना जातो, आणि ते निस्तरणं बंद पडण्यापेक्षा महाग. पोस्टग्रेस या डेटाबेसवर पॅट्रोनी (मुख्य सर्व्हर गेला की दुसऱ्याला मुख्य करणारं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर ईटीसीडी (मुख्य कोण याची नोंद बहुमताने ठेवणारं सॉफ्टवेअर) तीन यंत्रांवर ठेवा. तिसरं छोटं चालेल, पण वेगळ्या खोलीत, वेगळ्या विजेवर. ईटीसीडीला डेटाबेसची डिस्क देऊ नका; डिस्क अडखळली की त्याच्या यंत्रांमध्ये म्होरक्याच्या विनाकारण निवडणुका होतात. मुख्य सर्व्हर गेला असं मानण्याआधी पॅट्रोनी वाट पाहतो ती मुदत मुळात ३० सेकंदांची असते, म्हणजे मुख्य सर्व्हर अचानक गेला तर अर्धा-पाऊण मिनिट खंड धरूनच चाला.

सिंक्रोनस प्रत (जिची पोच आल्यावरच नोंद पक्की होते) कारखान्याच्या आवारातच ठेवा; दूरची प्रत पुण्यात ठेवणार असाल तर ती असिंक्रोनस, म्हणजे पोचेची वाट न पाहणारी. पुणे अडीचशे किलोमीटरवर. सिंक्रोनस ठेवलंत तर प्रत्येक नोंद तिकडून पोच येईपर्यंत थांबेल.

चाचणी बॉयलर पेटण्याआधी घ्या. एकदा मुख्य सर्व्हरची वीज काढा, एकदा फक्त नेटवर्क केबल. दुसऱ्या चाचणीत जुना मुख्य सर्व्हर जिवंतच असतो, तिथेच पितळ उघडं पडतं. काट्यावरचा संगणक आपणहून पुन्हा जोडला जातो का, हे तिथे उभं राहून पाहा.

आणि बॅकअप वेगळा घ्याच. चुकून पुसलेली नोंद दुसऱ्या सर्व्हरवरूनही त्याच क्षणी पुसली जाते.