लाव्हा ग्लेझच्या जर्मन फुलदाण्या: या चुका टाळा

जर्मनीत राहणारे आपले बरेच लोक हल्ली फ्ली मार्केटमधून साठ-सत्तरच्या दशकातल्या वेस्ट जर्मन फुलदाण्या आणतात, बघून खरंच आनंद होतो, पण घरी आणल्याबरोबर सगळे त्या घासायलाच का घेतात?

ओळखीतल्या एकाने शॉयरिश ह्या जर्मन कंपनीची केशरी-काळी मोठी फुलदाणी आणली. लाव्हा ग्लेझमध्ये, म्हणजे मातीच्या फुलदाणीवरच्या खडबडीत काचेरी लेपात, सिलिकॉन कार्बाइड असतं, भट्टीत त्याचा गॅस सुटून बुडबुडे फुटतात, तेच ते खड्डे, आणि त्यात धूळ बसणारच. ह्याने सरळ भांड्याची तारेची घासणी चालवली. खड्ड्यांच्या कडा तुटल्या, मॅट भागावर पेन्सिलीसारख्या करड्या रेघा उठल्या, कारण तारेचा धातू ग्लेझवर उतरतो. त्या घालवायला मग रात्रभर ब्लीचमध्ये! सकाळी एकदम चकाचक, फोटो पण पाठवला. काही आठवड्यांनी बुडाशी पांढरी पावडर आणि ग्लेझचे पापुद्रे सुटायला लागले. बुडाला ग्लेझ नसतं, तिथून माती ब्लीच पिते, वाळताना आत क्षार फुलतात आणि ग्लेझला बाहेर ढकलतात. गेलेलं ग्लेझ परत येत नाही हो. एवढी घाई करायची तर प्लास्टिकची घ्यावी.

मी कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचा एक थेंब आणि मऊ दाढीचा ब्रश वापरते, बुडवून कधीच ठेवत नाही. थोडी धूळ राहिली तर राहू दे.

बुडावर ५१७-३० असेल तर ते १९३० साल नव्हे, ५१७ हा आकाराचा नंबर आणि ३० सेंटिमीटर उंची. 'डब्ल्यू. जर्मनी' असेल तर १९४९ ते १९९० मधली, त्यावरून एवढंच कळतं.

भोक पाडून लॅम्प करू नका. मानेला धरून उचलू नका. तुकडा निघाला तरी फेविक्विक तर नकोच.

आणि ठेवायची कशी, ह्यात सगळेच चुकतात. शोकेसमध्ये काचेमागे ओळीने कोंबतात नाहीतर फुलांचा भारा खुपसतात, मग मान, खांदा, पोट हा सगळा आकारच जातो, आणि आकारासाठीच तर घेतली ना? ते शिल्प आहे, चारही बाजूंनी हातभर जागा मोकळी सोडा. वरून ट्यूबलाइट पडला की सपाट दिसते, खिडकीचा उजेड बाजूने येऊ दे म्हणजे प्रत्येक खड्ड्याची सावली पडते. फुलं हवीतच तर आत काचेची नळी ठेवून एकच काडी. बूड अरुंद असेल तर पिशवीत वाळू भरून आत सोडा, म्हणजे धक्क्याने कलंडत नाही.