नाणेघाटातील राणी नायनिकेचे चरित्र लिहिण्यापूर्वी

सातवाहन राणी नायनिका (पुष्कळांना ती नागनिका या नावाने परिचित आहे) हिच्याविषयी लिहायचे असेल, तर समाजमाध्यमांवर फिरणारा गौरवपर मजकूर बाजूला ठेवून आधी जुन्नरजवळच्या नाणेघाटातील लेणे पाहावे. पावसाळा सरल्यावर घाटघरमार्गे जाणे सोयीचे पडते.

लेण्यात एके काळी राजघराण्याचे पुतळे होते. आता जेमतेम पावलांच्या खुणा उरल्या आहेत, पण त्यांवर कोरलेली नावे टिकून आहेत. तेथे ‘देवि नायनिकाय रञो च सिरि सातकनिनो’ (देवी नायनिका आणि तिचा पती राजा श्री सातकर्णी यांचे) ही अक्षरे शोधावीत. लेखाची ब्राह्मी लिपी येत नसल्यास १८८३ साली प्रसिद्ध झालेल्या, शिलालेखांचे अभ्यासक ब्युलर यांच्या वाचनाची प्रत सोबत न्यावी आणि विजेरीचा झोत बाजूने तिरपा टाकावा, म्हणजे झिजलेले अक्षरही उठून दिसते. खडू किंवा पाणी मात्र दगडाला मुळीच लावू नये. राणीचे नाव राजाच्या आधी येते, हे अवश्य टिपावे, परंतु तेवढ्यावरून तिची सत्ता त्याच्याहून मोठी ठरवू नये.

बाजूच्या भिंतींवरील दीर्घ लेखाला अधिक वेळ द्यावा. अश्वमेधासह अनेक यज्ञ आणि त्यांची दक्षिणा त्यात नोंदवलेली असून एके ठिकाणी गायींची संख्या ‘बारस’ अशी अक्षरांत आणि लगेच १२ अशी अंकातही कोरली आहे. अगदी आपण धनादेशावर लिहितो तशी! महिना महिना उपवास करणारी, घरात राहून तापसीप्रमाणे जगणारी, ब्रह्मचर्य पाळणारी, असे राणीचे वर्णन याच लेखात आहे. त्यावरून ती विधवा असावी आणि मुले लहान असताना कारभार तिने पाहिला असावा, असे अनुमान अभ्यासकांनी केले. वर्णन दगडावरचे आणि अनुमान अभ्यासकांचे, हा भेद आपल्या वाक्यरचनेतही दिसला पाहिजे. ‘असावी’च्या जागी ‘होती’ लिहिले, की दंतकथा सुरू होते.

नाण्यांबाबत अशीच सावधगिरी बाळगावी. ज्या चांदीच्या नाण्याचा दाखला दिला जातो, त्यावर तिचे नाव सातकर्णीच्या नावासोबत येते. त्यामुळे ‘स्वतःचे नाणे पाडणारी पहिली राणी’ हे बिरुद तपासल्याशिवाय वापरू नये. शिवाय नाशिकच्या लेण्यात मुलाचा, म्हणजे गौतमीपुत्र सातकर्णीचा पराक्रम कोरवून घेणारी गौतमी बलश्री ही नंतरच्या काळातील वेगळी राणी आहे. तिच्या लेखातील वाक्ये नायनिकेच्या चरित्रात शिरली असतील, तर ती काढून टाकावीत.