टेकडीवरच्या खडकात भूकंपाची खूण कशी ओळखावी

पुण्यातील वेताळ टेकडीवरच्या जुन्या खाणीत उतरले, की काळ्या खडकातल्या भेगा आधी नजरेत भरतात आणि त्या भूकंपानेच पडल्या असाव्यात, असे पाहणाऱ्याला सहज वाटते. त्यांपैकी बहुतेक भेगा मात्र सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा लाव्हा थंड होताना आकसल्यामुळे पडलेल्या आहेत. त्यामुळे नुसत्या भेगेवरून निष्कर्ष काढू नये. सह्याद्रीच्या पायऱ्यापायऱ्यांच्या उतारांनाही हेच लागू आहे. एकावर एक साचलेले लाव्ह्याचे थर कमीअधिक झिजल्याने ते तसे दिसतात.

यानंतर भेगेच्या दोन्ही बाजूंचे थर जुळवून पाहावेत. माझ्या मते सारी मेख इथेच आहे. घाटरस्त्यासाठी तोडलेल्या कड्यात लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये कित्येकदा विटकरी मातीचा पट्टा दिसतो, जो नखाने उकरला तरी भुगा होऊन गळतो. हा पट्टा भेग ओलांडून सरळ पुढे गेला असेल, तर खडक केवळ तडकलेला आहे; पलीकडचा तुकडा वर किंवा खाली सरकलेला असेल, तर तो प्रस्तरभंग, म्हणजे दोन्ही बाजूंचा खडक एकमेकांवरून सरकलेली भेग, असू शकतो. मात्र दरड घसरूनही थर तुटतो, म्हणून तीच रेषा कड्याच्या पलीकडे दूरवर जाते का, हेही तपासावे. (पावसाळ्यात अशा कड्याखाली मुळीच उभे राहू नये.)

भूकंपात जमीन किती सरकते, याचा अंदाज येण्यासाठी कच्छचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे. 16 जून 1819 रोजीच्या भूकंपात तिथे सपाट रणातून सुमारे 80 किलोमीटर लांबीचा, काही मीटर उंचीचा बांध वर आला आणि त्याच्या दक्षिणेची जमीन खचून सिंद्रीचा किल्ला पाण्यात गेला. हा बांध माणसाने बांधलेला नाही, म्हणून लोकांनी त्याला ‘अल्लाबंद’ म्हटले.

शेवटी, अशा धक्क्यांनी हिमालयासारखा पर्वत कसा उंचावतो हे समजण्यासाठी काळाचा हिशेब मांडावा. दर 500 वर्षांनी एका भूकंपात जमीन 1 मीटर उचलली जाते, असे धरले, तर 10 लाख वर्षांत 2,000 मीटर उंची मिळते. त्यातून नद्यांनी आणि हिमनद्यांनी केलेली झीज वजा करावी. प्रत्येक धक्क्यापुढे अधिकचेच चिन्ह लावू नये, कारण एप्रिल 2015 च्या नेपाळमधील भूकंपात काठमांडूचे खोरे सुमारे मीटरभर वर आले, तर त्याच्या उत्तरेकडील उंच हिमालयाचा काही भाग खाली बसला.