लिव्हरपूलला स्वस्तात जायचंय? तिकीट मँचेस्टरचं शोधा

मुंबईहून थेट लिव्हरपूल टाकून सर्च केलं की भलतेच कनेक्शन आणि भलतेच रेट दिसतात, कारण तिथलं जॉन लेनन एअरपोर्ट मुख्यतः युरोपातल्या स्वस्त विमानांचं आहे.

१) त्याऐवजी मँचेस्टर टाका. एमिरेट्स, एतिहाद, कतार तिघंही तिथे जातात, म्हणजे दुबई, अबूधाबी किंवा दोहाला एकदाच बदलायचं.

२) मँचेस्टर एअरपोर्टच्या आतच रेल्वे स्टेशन आहे, तिथून लाइम स्ट्रीटची (लिव्हरपूलचं मुख्य स्टेशन) थेट गाडी पकडा, साधारण सव्वा तास. लंडनला उतरून परत ट्रेनचे पैसे घालण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

३) तारखा ठरवताना एप्रिलमधली एनट्री (Aintree) रेसकोर्सवरची ग्रँड नॅशनल ही घोड्यांची रेस आणि फुटबॉल मॅचचे वीकेंड टाळा, हॉटेलवाले तेव्हा वाट्टेल ते घेतात.

फिरायला फार खर्च नाही, रॉयल अल्बर्ट डॉक, पिअर हेड सगळं पायी होतं आणि म्युझियम ऑफ लिव्हरपूल फुकट (बघाच!).

फक्त एक, ट्रेनचं स्वस्त ॲडव्हान्स तिकीट आधी काढू नका, ते त्याच ठरलेल्या गाडीला चालतं, विमान लेट झालं किंवा इमिग्रेशनची लाइन लांबली की पैसे गेले. परतीचं मात्र खुशाल काढा.