जुनी इलेक्ट्रिक गाडी घेताय? बॅटरीची रेंज जोखताना या चुका टाळा

मित्राने गाडी मनात पक्की केली होती. "फक्त एकदा येऊन बघ," एवढंच म्हणाला. गाडी खरंच नीट ठेवलेली होती. डॅशबोर्डवर चार्ज 92 टक्के आणि शेजारी रेंज 262 किलोमीटर. विकणाऱ्याने त्या आकड्यावर बोट ठेवलं, "बघा, बॅटरी अगदी नव्यासारखी आहे." मित्राचा चेहरा खुलला. आम्ही ट्रिप मीटर शून्यावर आणलं, गाडी मोकळ्या रस्त्याला काढली आणि नेहमीच्या वेगाने 48 किलोमीटर करून परत आलो. आता तिथे 170 लिहिलेलं होतं. 48 किलोमीटर चाललो आणि रेंज 92 ने उतरली.

विकणारा खोटं बोलत नव्हता, गाडीही बिघडलेली नव्हती. चूक होती ती त्या आकड्याला बॅटरीची तब्येत समजण्याची.

डॅशबोर्डची रेंज म्हणजे बॅटरीचा दाखला नव्हे

तो आकडा हा गाडीचा अंदाज असतो. बॅटरीत किती वीज उरली आहे आणि गेल्या काही किलोमीटरांत गाडीने किती वीज खाल्ली, यावरून गाडी पुढचा हिशोब मांडते. आधीचा मालक शहरात सावकाश, एसी बंद ठेवून चालवत असेल तर थकलेली बॅटरीसुद्धा भरघोस रेंज दाखवते. उलटंही होतं. नुकतीच महामार्गावरून दामटत आणलेली गाडी, बॅटरी ठणठणीत असूनही, तुटपुंजी रेंज दाखवते, आणि चांगली गाडी नुसत्या त्या आकड्यापायी हातची जाते.

म्हणून दोन गोष्टी वेगळ्या काढा: बॅटरीत वीज किती मावते, आणि एका युनिटमध्ये (म्हणजे एक kWh मध्ये) गाडी किती चालते. पहिली गोष्ट बॅटरीची. दुसरी रस्त्याची, हवामानाची आणि चालवणाऱ्याच्या पायाची. तुम्ही पैसे मोजता ते पहिल्या गोष्टीचे.

आमच्या फेरीचा हिशोब गाडीत बसूनच केला. 48 किलोमीटरला 7.2 युनिट वीज लागली, म्हणजे युनिटला साधारण 6.7 किलोमीटर. (स्क्रीनवर 100 किलोमीटरला किती युनिट असं दाखवत असेल तर 100 ला त्या आकड्याने भागा.) चार्ज 92 वरून 70 टक्क्यांवर आला होता, म्हणजे 22 टक्के खर्च. 22 टक्क्यांत 7.2 युनिट, तर पूर्ण बॅटरीत 32.7. नवी असताना या मॉडेलमध्ये वापरता येणारी वीज 39 युनिट होती. म्हणजे बॅटरी सुमारे 84 टक्के उरलेली. आमच्या वेगाने पूर्ण चार्जवर गाडी चालणार 218 किलोमीटर. मघाचा 262 चा आकडा 92 टक्के चार्जवर यायला युनिटला 8.7 किलोमीटर पडावे लागतात, आणि आधीचा मालक बहुधा तशीच चालवत होता.

इथे एक खाचखळगा आहे. स्क्रीन टक्के पूर्णांकात दाखवते. खर्च 22 ऐवजी 21 धरला तर बॅटरी 88 टक्के निघते, 23 धरला तर 80. छोट्या फेरीवर इतकी चूक सहज होते, म्हणून पाच-दहा किलोमीटरच्या टेस्ट ड्राइव्हवरून क्षमता काढूच नका. निदान 40-50 टक्के चार्ज उतरेल एवढी गाडी चालवा. तेवढा वेळ विकणारा देत नसेल तर फास्ट चार्जरवर चला. आम्ही तेच केलं. 20 वरून 80 टक्क्यांपर्यंत चार्ज करताना चार्जरने 21 युनिट मोजले. 60 टक्क्यांत 21, म्हणजे पूर्ण बॅटरीला 35. यातली थोडी वीज उष्णतेत आणि बॅटरी गार ठेवण्यात जाते, ती वजा केली की 33 च्या आसपास येतो. रस्त्यावरच्या हिशोबाशी जुळलं, तेव्हा आम्ही आकड्यावर विश्वास ठेवला. घरच्या साध्या चार्जिंगच्या मीटरवरून हाच हिशोब करत असाल तर गळती जास्त धरा, दहा टक्के किंवा त्याहूनही वर.

बॅटरी गारठलेली असताना हे करू नका. थंड बॅटरीतून वीज कमी निघते आणि आकडा उगाच वाईट येतो.

जाहिरातीतली रेंज प्रमाण मानणं

‘नवी असताना 378 जायची, आता 230 जाते, म्हणजे बॅटरी संपली’ हा निष्कर्ष फार लोक काढतात. निसान कंपनीच्या लीफ या इलेक्ट्रिक गाडीचंच उदाहरण घ्या. तिची 40 युनिट बॅटरीची आवृत्ती 2017 मध्ये आली. जपानच्या जेसी-08 चाचणीत तिची रेंज 400 किलोमीटर, युरोपच्या जुन्या एनईडीसी चाचणीत 378, नंतरच्या डब्ल्यूएलटीपी चाचणीत 270 आणि अमेरिकेच्या ईपीए चाचणीत 151 मैल, म्हणजे 243 किलोमीटर. तीच गाडी, तीच बॅटरी, फरक चाचणीचा. एनईडीसीत वेग कमी आणि हळूहळू वाढवलेला असायचा, आणि एसी-हीटर बंद. साधारण 2018 च्या आधीच्या युरोपीय मॉडेलच्या कागदांवर बहुतेक वेळा हाच आकडा सापडतो. तुलना करायचीच तर ईपीएच्या आकड्याशी करा, तो रोजच्या रस्त्याला जास्त धरून असतो.

फक्त मीटरवरचे किलोमीटर बघणं

पेट्रोल-डिझेलच्या गाडीची सवय इथे आड येते. कमी पळालेली गाडी चांगली, हे इंजिनाला बऱ्यापैकी लागू पडतं. बॅटरी मात्र उभ्या उभ्याही म्हातारी होते. ती सगळ्यात लवकर झिजते उष्णतेत, आणि त्यातही पूर्ण भरलेली असताना. वर्षानुवर्षं 100 टक्के चार्ज करून उन्हात उभी ठेवलेली, जेमतेम 20 हजार किलोमीटर पळालेली गाडी ही रोज चाललेल्या आणि 30 ते 80 टक्क्यांत राखलेल्या लाखभर किलोमीटरच्या गाडीपेक्षा मागे पडलेली असू शकते.

बॅटरी गार कशी ठेवली जाते, हेही विचारा. सुरुवातीच्या लीफमध्ये बॅटरीला द्रवाने थंड ठेवणारी यंत्रणा नव्हती. 2012 मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनाच्या उन्हात या गाड्यांची क्षमता झपाट्याने उतरल्याच्या तक्रारी आल्या, आणि त्यानंतर कंपनीने क्षमतेची वेगळी वॉरंटी जाहीर केली. द्रवाने थंड होणाऱ्या बॅटऱ्या साधारणपणे उष्ण हवेतही जास्त टिकतात.

घसरण सरळ रेषेत होत नाही, हेही लक्षात असू द्या. पहिल्या एक-दोन वर्षांत क्षमता जरा भराभर उतरते आणि मग वेग मंदावतो. दोन वर्षांत सहा टक्के गेले म्हणून दहा वर्षांत तीस जातील, असा त्रैराशिकाचा हिशोब करून चांगली गाडी सोडू नका.

‘एसओएच 96 टक्के’ हा स्क्रीनशॉट पुरेसा समजणं

एसओएच म्हणजे बॅटरीच्या आरोग्याची टक्केवारी. ओबीडी पोर्टला, म्हणजे गाडीचा संगणक तपासण्यासाठी दिलेल्या जोडणीला, एक छोटं उपकरण लावून मोबाइलच्या अ‍ॅपवर ती वाचता येते, आणि ती जरूर वाचावी. पण तीसुद्धा गाडीच्या संगणकाने बांधलेली अटकळच असते. बराच काळ पूर्ण चार्ज किंवा खोल डिस्चार्ज झाला नसेल तर ही अटकळ भरकटते. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारच्या बॅटरीत हे विशेष होतं, कारण तिचा व्होल्टेज मधल्या मोठ्या टप्प्यात जवळपास सारखाच राहतो आणि नेमकी किती भरली आहे ते संगणकाला कळणं अवघड जातं. म्हणूनच एलएफपी बॅटरी मधूनमधून 100 टक्के चार्ज करायला अनेक कंपन्या सांगतात.

काही गाड्यांत डायग्नोस्टिक उपकरणाने हा आकडा पुन्हा नव्यासारखा करता येतो. काही दिवस गाडी चालली की तो खऱ्या जागी परत येतो, पण तोवर व्यवहार होऊन गेलेला असतो. डॅशबोर्डवरच्या क्षमतेच्या पट्ट्यांवरही भिस्त नको. लीफमध्ये क्षमतेच्या 12 पट्ट्या असतात आणि पहिली पट्टी जाते ती सुमारे 15 टक्के क्षमता गेल्यावर. ‘सगळ्या पट्ट्या आहेत’ याचा अर्थ 100 टक्के होतो आणि 86 ही. स्क्रीनवरचा आकडा आणि तुम्ही स्वतः काढलेला आकडा जुळला तरच तो खरा धरा.

अशक्त सेलकडे दुर्लक्ष

बॅटरी म्हणजे शेकडो सेलची साखळी, आणि साखळीचा जोर तिच्या सगळ्यात कच्च्या कडीएवढा. एखादा गट अशक्त असला की एकूण क्षमता ठीक दिसते, पण चार्ज तळाशी गेल्यावर गाडी दगा देते: 18 टक्क्यांवरून एकदम 9, आणि लगेच वेग मर्यादित. भरलेल्या बॅटरीवर हे दिसत नाही. विकणारे गाडी भरूनच दाखवतात, यात त्यांचा वाईट हेतू असेलच असं नाही, पण तुम्ही 20 टक्क्यांच्या खाली गाडी चालवून बघायचा आग्रह धरा. चार्जर जवळ असताना, अर्थात. अ‍ॅपमध्ये सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी व्होल्टेजच्या सेलमधला फरक दिसतो. गाडी उभी असताना, मधल्या चार्जवर 10-20 मिलिव्होल्ट असेल तर काळजी नको. तिथेच तो ठळकपणे जास्त असेल, किंवा चार्ज उतरताना एकच सेल पुन्हा पुन्हा मागे पडत असेल, तर मी ती गाडी घेणार नाही, किंमत कितीही खाली आली तरी.

वीज जास्त खातेय म्हणून बॅटरीला दोष देणं

क्षमता बरोबर आहे पण युनिटला किलोमीटर कमी पडतायत, तर आधी टायर बघा. हवा कमी, मोठी चाकं, किंवा मूळ टायरच्या जागी जास्त घर्षणाचे टायर. मग व्हील अलाइनमेंट. मग ब्रेक चिकटतोय का: फेरीनंतर एक चाक बाकीच्यांपेक्षा गरम लागलं तर तेच कारण. ही दुरुस्ती बॅटरीच्या मानाने किरकोळ असते.

चांगल्या दिवसाच्या रेंजवर व्यवहार करणं

तुम्हाला लागते ती वाईट दिवसाची रेंज. वेग 90 वरून 120 वर नेला की हवेचा विरोध जवळपास पावणेदोन पट होतो. थंडीत केबिन गरम करायलाही बॅटरीचीच वीज जाते, कारण इंजिनाची फुकटची ऊब इथे नाही, आणि छोट्या फेऱ्यांत हा खर्च सगळ्यात जाणवतो. गाडीत हीट पंप (बाहेरच्या हवेतली ऊब आत आणून कमी विजेत केबिन गरम करणारी यंत्रणा) आहे का ते मॉडेलच्या नावावरून गृहीत धरू नका, अनेक मॉडेलमध्ये तो काही प्रकारांतच असतो.

लांबच्या प्रवासात बॅटरी 100 वरून शून्यावर कोणीच नेत नाही. 80 टक्क्यांनंतर फास्ट चार्जिंग मंदावतं आणि 10 च्या खाली जीव टांगणीला लागतो. उरतात 70 टक्के. मित्राच्या गाडीच्या 32.7 युनिटचे 70 टक्के म्हणजे 22.9. महामार्गाच्या वेगाला युनिटला सव्वापाच किलोमीटर धरले की दोन चार्जिंगच्या मध्ये 120 किलोमीटर. जिच्या काचेमागे 262 झळकत होते तीच ही गाडी.

वॉरंटीचे कागद न वाचणं

बहुतेक कंपन्या बॅटरीला 8 वर्षं किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटर, यांत जे आधी होईल तोवर 70 टक्के क्षमतेची हमी देतात. मुदत मोजली जाते गाडी पहिल्यांदा रस्त्यावर आली तेव्हापासून, तुम्ही घेतली तेव्हापासून नाही. आणि 72 टक्क्यांची बॅटरी कंपनीच्या लेखी चांगलीच असते. हमी दुसऱ्या मालकाला लागू होते का, ते लेखी विचारा. बॅटरी गाडीसोबतच विकली जातेय ना, हेही बघा. रेनो झोईच्या सुरुवातीच्या अनेक गाड्यांत गाडी विकली जायची, पण बॅटरी भाड्याने दिलेली असायची. उलट, कंपनीने परत बोलावलेल्या काही मॉडेलमध्ये आख्खी बॅटरी नवी बसवलेली असते. सर्व्हिसच्या नोंदीत ते सापडलं तर जुन्या गाडीत तरुण बॅटरी पदरात पडते.

मित्राने ती गाडी घेतली. त्याचं रोजचं जाणंयेणं 70 किलोमीटरचं, आणि घरी चार्जिंगची सोय. आमचा 84 टक्क्यांचा हिशोब कागदावर मांडून विकणाऱ्यासमोर ठेवला, तेव्हा त्यानेही तो दोनदा तपासला आणि किंमत कमी केली. लांबच्या प्रवासाला मात्र ही गाडी न्यायची नाही, हे मित्राने सही करण्याआधीच घरी सांगून टाकलं होतं.