मेजर नाही, खातं चालू आहे: जुनी हेरकथामाला नव्या हेरांवर पुढे न्यायची तर

लायब्ररीच्या भाड्यावर पोसलेली, दोऱ्यानं शिवून शिवून जाड झालेली एखादी हेरकथामाला पुढे लिहायची ठरवलीत, तर आधी हक्कांचे कागद बघा. भारतात लेखकाचा मृत्यू झाल्यावर पुढच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं हक्क जिवंत राहतात. इयान फ्लेमिंग १९६४ मध्ये वारला, म्हणून त्याच्या हयातीत छापलेल्या बाँडकथा आपल्याकडे १ जानेवारी २०२५ ला मोकळ्या झाल्या. ब्रिटनमध्ये मुदत ७० वर्षांची, तिथं २०३४ संपेपर्यंत थांबावं लागेल. मराठी पॉकेटबुकं लिहिणारे बहुतेक जण १९६४ च्या बरेच नंतरपर्यंत हयात होते, तेव्हा परवानगी लागणारच. ती वारसांकडून घ्यायची की प्रकाशकाकडून, याचा पहिला धागा पुस्तकाच्या आतल्या पानावर ‘सर्व हक्क स्वाधीन’ या ओळीत सापडतो.

परवानगी तोंडी घेऊ नका. करारात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती ५ वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. किती पुस्तकं, कोणती पात्रं, ई-बुक आणि ऑडिओ कोणाकडे, हे तिन्ही नीट लिहून घ्या. परवानगी नाहीच मिळाली तर नाव, हेरखातं, सांकेतिक शब्द सगळं आपलं नवं करा; आडनाव तेवढं बदलून जुनाच नायक आणणं वाचकाला पहिल्या पानावर कळतं आणि वारसांच्या वकिलाला दुसऱ्या.

मग एक दोनशेपानी वही. मालेतली निदान आठ-दहा पुस्तकं छापल्याच्या क्रमानं वाचा आणि प्रत्येकातून एवढंच उतरवा: कथेचं वर्ष, नायकाचं वय आणि हुद्दा, जखमा कुठल्या अंगाला, गाडी, हत्यार, त्याचं खरं नाव कोणाकोणाला माहीत, कोण मेलं. शेवटचे दोन रकाने सगळ्यात महत्त्वाचे. चौथ्या पुस्तकात मेलेला खबऱ्या नवव्या पुस्तकात जिवंत सापडतो; मूळ लेखक महिन्याला पुस्तक देत असे, त्याला ते माफ होतं. तुम्हाला नाही. वयाचंही गणित मांडा. समजा, मालेचा नायक एक मेजर आहे: १९६५ मध्ये ३२ वर्षांचा असेल तर १९९९ मध्ये ६६ चा होतो. इथंच ठरतं की काळ गोठवायचा की पुढे सरकवायचा. बाँडच्या बाबतीत दोन्ही झालं: १९८१ पासून त्यालाच नव्या दशकात आणून उभं केलं, आणि २०२२ मध्ये त्याला बेपत्ता करून तीन नव्या क्रमांकांचे हेर पुढे आणले.

मेजरला बाजूला कसं करायचं? मेला म्हणून सांगितलंत तर तो वाचकाच्या डोळ्यांसमोर मेला पाहिजे. मागच्या दोन पुस्तकांच्या मधे, एका वाक्यात मारलेला नायक वाचक माफ करत नाही. खात्याचा प्रमुख केलंत तर तो फोनवरून प्रत्येक गाठ सोडवायला लागतो, म्हणून त्याला एका पुस्तकात दोनच फोन द्या आणि त्यातल्या एकात त्याचा अंदाज चुकू द्या. बेपत्ता हा मार्ग सगळ्यात चांगला, पण मुदत घाला. तिसऱ्या पुस्तकाअखेर उत्तर मिळालं नाही तर प्रत्येक कथा शोधकथा होते आणि नवे हेर हरवलेल्या माणसाची जाहिरात चिकटवत फिरणारे कार्यकर्ते होतात.

नवे हेर दोन घ्या, फार तर तीन. मेजरकडे होतं ते सगळं एकालाच दिलंत की तो मेजरची झेरॉक्स होतो. त्याचं एक कसब एकाला द्या, दुसरं दुसऱ्याला, आणि एक कोणालाच नको. खात्याला ती उणीव भासत राहिली पाहिजे. कथेतली चूक तिथूनच निघते. समजा, कथा बेळगावच्या सीमाभागात घडते आणि एक हेर तिथल्या शहापूरच्या विणकराच्या घरातली. मागाच्या खडखडाटात वाढल्यामुळं तिला ओठांच्या हालचालीवरून बोलणं कळतं. फुकटची चमत्कारी शक्ती द्यावी लागली नाही. दुसरा निपाणीच्या तंबाखू वखारीतला हिशेबनीस, आकडे एकदा पाहिले की विसरत नाही, पण वखारीच्या धुळीनं छाती भरलेली. मग येळ्ळूरच्या राजहंसगडाच्या चढावर पाठलाग त्याच्याकडून होणार नाही, आणि कथानकाला तिथं दुसरी वाट काढावी लागेल. दोष असा असावा, कथेला वाट बदलायला लावणारा. ‘तो थोडा रागीट होता’ हा दोष नव्हे.

वीस प्रकरणं, प्रत्येकी दोन हजार शब्द धरले तर पहिली हेर पहिल्या प्रकरणात काम करताना दिसू द्या, दुसरा तिसऱ्यात, आणि दोघांची गाठ सातव्याच्या आधी घालू नका. पहिल्या सहा प्रकरणांत मेजरचं नाव सहा-सात वेळा पुरे. नाव काढणाऱ्यांतला एक तरी त्याच्यावर चिडलेला असावा. सगळ्यांनीच ‘आता मेजर असते तर’ म्हटलं की वाचकही तेच म्हणतो आणि पुस्तक मिटतो.

आता भाषा, कारण सीमाभागातली हेरकथा इथंच फसते. या पट्ट्यात माणूस कुठला ते कपड्यांवरून कळत नाही, दुसऱ्या वाक्याला कळतं. पुण्यात वाढलेला हेर खानापूरकडचा म्हणून बेळगावच्या खडेबाजारात चहाच्या गाड्याशी उभा आहे. तो म्हणतो, “काका, एक चहा द्या ना. खानापूरची बस किती वाजता सुटते?” उघडा पडला. इथला माणूस म्हणेल, “मामा, एक चा द्या की. खानापूरची गाडी गेली काय हो?” फरक ‘चा’मध्ये नाही, तो कुणीही उचलतो. फरक ‘ना’ आणि ‘की’मध्ये आहे, आणि सुटायची वेळ विचारण्याऐवजी गाडी गेली का हे विचारण्यात. बरोबरीच्या दोस्ताला “काय करालाईस?” चालेल, साहेबाला नाही. आणि प्रत्येक वाक्याला ‘की’ लावलात तर तमाशातला सोंगाड्या होतो. एका संवादात दोन-तीन बास.

कन्नडचंही तसंच. बेंगळूरला कन्नड शिकलेला हेर ‘या’ म्हणायला ‘बन्नी’ म्हणेल. बेळगाव-धारवाडकडचा ‘बर्री’ म्हणतो. हा मानाचा ‘री’ ज्याच्या तोंडी नाही तो दक्षिणेकडून आलाय, हे पानवाल्यालाही समजतं. अशा शब्दांचा अर्थ कंसात देऊ नका, हालचालीतून द्या: “बर्री,” म्हणत त्यानं स्टूल पुढे सरकवलं. झालं. एकाच परिच्छेदात दुकानदार गिऱ्हाइकाशी मराठी, हमालाशी कन्नड आणि शेजारच्या सायकलवाल्याशी दखनी बोलतो, तसं घडू द्या, वर टिप्पणी नको.

सगळ्यात खात्रीचा सापळा म्हणजे पैसे मोजायला लावणं. माणूस बहुधा शाळेच्या भाषेत मोजतो. मराठी घरातली पण कन्नड शाळेत गेलेली मुलगी बोलेल मराठी, मोजेल ओंदु, एरडु, मूरु. कोल्हापूरची म्हणून वावरणारी शहापूरची हेर नोटांच्या बंडलाशी नेमकी इथं पकडली जाईल. उलट, शत्रूचा माणूसही इथंच पकडता येतो.

सीमाप्रश्नाला खलनायक करू नका, तो आयता मसाला आहे. पण त्यातून येणारी अडचण जरूर वापरा. वातावरण तापलं की दोन्ही राज्यांच्या एसटी सीमेवर थांबतात आणि प्रवासी बोचकी घेऊन कोगनोळीच्या बाजूनं चालत निघतात. शेवटच्या गाडीवर बेतलेली सुटका तिथं कोसळते, आणि KA च्या जागी MH पाटी असलेली गाडी नेमकी त्याच दिवशी नजरेत भरते. कथेत पाटी लिहिताना अर्थातच देवनागरीत: बेळगावची केए-२२, कोल्हापूरची एमएच-०९.

काळाच्या चुका वेगळ्या कागदावर तपासा. १९६५ च्या कथेत ‘रॉ’ येऊ शकत नाही. ती २१ सप्टेंबर १९६८ ला स्थापन झाली, त्याआधी परदेशातली हेरगिरीही इंटेलिजन्स ब्युरोच पाहत असे. १ नोव्हेंबर १९७३ पर्यंत राज्याचं नाव म्हैसूर. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत गोवा पोर्तुगीजांकडे, म्हणून कॅसलरॉकपुढं खरीखुरी सरहद्द. त्यानंतरच्या कथेत तिथं पासपोर्ट तपासला तर हसं होईल. रेल्वेचं तर जपूनच: १९७१ मध्ये पुणे-मिरज मार्ग ब्रॉडगेज झाला, पण मिरजेपुढं बेळगाव-लोंढ्याकडे नव्वदच्या दशकापर्यंत मीटरगेजच होती. १९७५ चा हेर मुंबईहून डब्यात झोपून थेट बेळगावला उतरत नाही, मिरजेला पेटी उचलून गाडी बदलतो. पाळत ठेवणाऱ्याला याहून चांगली जागा नाही. तार जुलै २०१३ मध्ये बंद झाली. पाटीवर ‘बेळगावी’ १ नोव्हेंबर २०१४ नंतरच, आणि मराठी पात्राच्या तोंडी आजही बेळगावच.

मजकूर झाला की दोघांना वाचायला द्या: एक जुनी माला पाठ असलेला, दुसरा तिचं नावही न ऐकलेला. दुसरा पहिल्या तीन प्रकरणांत अडखळला तर मागचा इतिहास जास्त झालाय. पहिला अडखळला तर वहीत चूक आहे. छापायला युनिकोडमध्येच द्या. जुन्या डीटीपी फॉन्टात बदलताना रफार आणि जोडाक्षरं सरकतात, आणि सांकेतिक शब्दातलं एक अक्षर सरकलं तर अठराव्या प्रकरणातली उकल जुळत नाही. मुद्रितात ते शब्द तेवढे बोट ठेवून, अक्षर-अक्षर तपासा.