डाव्या हाताला सुट्टी : जॅमसाठी पियानोची गाणी निवडताना

माझ्या पहिल्या जॅमला, म्हणजे सगळ्यांनी एकत्र जमून वाजवायच्या बैठकीला, मी ॲडेलचं 'समवन लाइक यू' घेऊन गेले होते. महिनाभर घरी घोटलं होतं. पुण्यात कर्वेनगरला एका इमारतीच्या तळघरात तासावर मिळणारी जॅमरूम, आम्ही पाच जण, कुणीच कुणाला नीट ओळखत नव्हतं. मी सुरू केलं, आमची गायिका सुरेख गायली आणि ड्रमर पावणेपाच मिनिटं काड्या मांडीवर ठेवून माझ्याकडे बघत बसला. बेसवाल्याने दोन-चार सूर लावून पाहिले आणि तोही थांबला. गाणं संपल्यावर तिघांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा मला कळलं की काहीतरी चुकलंय. जॅमला आलेली माणसं टाळ्या वाजवायला लागली म्हणजे आपण त्यांना श्रोते करून ठेवलंय.

त्यांचा दोष नव्हता. २०११ साली ते गाणं आलं तेव्हा रेकॉर्डवरच पियानो आणि गळा एवढंच होतं. बाकीच्यांना त्यात जागाच नाही. पियानोवर सगळ्यात सुंदर वाजणारं गाणं बँडसाठी बहुधा सगळ्यात वाईट असतं, हे तेव्हा माहीत असतं तर त्या दिवसाचे दोन तासांचे पैसे वाचले असते.

मी मूळची पेटीवाली. गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा दिलेली, गणपतीत सोसायटीच्या कार्यक्रमाला साथ करणारी. नोकरी लागल्यावर एकसष्ट पट्ट्यांचा कीबोर्ड घेतला आणि वाटलं, पट्ट्या त्याच, म्हणजे वाद्यही तेच. पेटीवरून बँडमध्ये येणाऱ्या कुणालाही दोन सवयी सोबत घेऊनच यावं लागतं. पहिली म्हणजे गायकाच्या मागोमाग त्याचीच चाल वाजवणं. साथीला तेच हवं असतं, बँडमध्ये मात्र गायिकेला ते सावलीसारखं पायात येतं. तिने एखादी ओळ जरा ओढून म्हटली की तुमची चाल पुढे निघून गेलेली असते. दुसरी सवय डाव्या हाताची. पेटीवर तो भाता मारतो, त्यामुळे त्याला पट्ट्यांची ओळखच नसते. मला त्याची भारी लाज वाटायची. यूट्यूबवरचे पियानोवाले दोन्ही हातांनी समुद्र उसळवतात आणि आपला डावा हात टेबलावर विसरलेल्या हातमोज्यासारखा!

तिसऱ्या की चौथ्या जॅमला बेसवाला म्हणाला, "ताई, तू डाव्या हाताने जे करतेस ना, ते माझं काम आहे." तो खालचे सूर वाजवत असताना मीही तिथेच घोळ घालत होते आणि खोलीत नुसता चिखल ऐकू येत होता. त्या दिवशी मी डावा हात उचलला तो आजही बहुतेक गाण्यांत उचललेलाच असतो. माझी सगळ्यात मोठी उणीव बँडमध्ये सोय ठरली. तेव्हापासून गाणं निवडताना माझा पहिला प्रश्न एकच असतो: डावा हात काढून घेतला तरी हे गाणं ओळखू येतं का? येत असेल तर ते बँडचं. नसेल तर ते घरी, दिवाणखान्यात.

नवख्यांनी सुरुवात कुठून करावी असं विचारलं तर मी डोळे मिटून बिल विदर्सचं 'लीन ऑन मी' सांगते. १९७२ सालचं आहे. नवीन घेतलेल्या छोट्या इलेक्ट्रिक पियानोवर नुसतीच बोटं वरखाली फिरवताना ते सुचलं, असं विदर्स सांगत. आणि ऐकायलाही ते तसंच आहे. पांढरी एकचा, म्हणजे सीचा, सा धरा, सा रे ग म वर चढा, म ग रे सा खाली या. पेटीच्या क्लासचा पहिला अलंकार! प्रत्येक सुराखाली त्याची कॉर्ड, म्हणजे एकदम दाबायचे तीन सूर, घ्यायची : सी, डी मायनर, ई मायनर, एफ. हाताचा आकार तोच ठेवून एकेक पट्टी सरकायचं, काळ्या पट्टीला शिवायचंही नाही. पियानोची चाल आणि गाण्याची चाल इथे एकच आहे, त्यामुळे आम्हा पेटीवाल्यांची खोडही चालून जाते. मध्ये टाळ्यांचा भाग आहे, म्हणजे कुणी आपल्या भावाला किंवा मैत्रिणीला सोबत आणलं असेल तर तेही कामाला लागतात. ड्रमरला सोपं, बेसला सोपं, आणि तरीही कुणी झोपत नाही.

त्यानंतर 'लेट इट बी'. बीटल्सचं १९७० चं गाणं. सी, जी, ए मायनर, एफ या चार कॉर्डवर बरंचसं चालतं. गिटार शिकणाऱ्याला पहिल्या काही महिन्यांत ज्या कॉर्ड येतात त्याच या, एफने बोटं दुखतात तेवढं सोडून. रेकॉर्डवर पियानोसोबत बिली प्रेस्टनचा ऑर्गनही आहे, त्यामुळे ग्रुपमध्ये चुकून दोन कीबोर्डवाले जमले (आमच्याकडे एकदा जमले होते) तर एकाने पियानोचा आवाज घ्यावा, दुसऱ्याने ऑर्गनचा आणि नुसते लांब सूर धरून बसावं. भांडण होत नाही.

पण आमच्या गायिकेला हे गाणं सीमध्ये फार खाली पडायचं. इथे पट्टीची गोष्ट येते, आणि नवखे सगळ्यात जास्त इथेच अडकतात. ती शास्त्रीय शिकलेली, तिची भाषा "काळी चार", "पांढरी पाच". गिटारवाला इंजिनिअरिंगच्या होस्टेलमध्ये शिकलेला, त्याची भाषा "सी", "जी शार्प". पहिला महिना मी दुभाष्याचं काम केलं. पांढरी एक म्हणजे सी, काळी एक सी शार्प, पांढरी चार म्हणजे एफ, काळी चार म्हणजे जी शार्प. एवढं एका कागदावर लिहून जॅमरूमच्या भिंतीला चिकटवलं. आणि गायिकेने "माझी काळी चार" म्हटलं म्हणजे प्रत्येक गाणं त्याच पट्टीत घ्यायचं असं नाही. तो तिचा रियाजाचा सा. गाण्याची चाल किती वर जाते आणि किती खाली उतरते ते पाहून गाण्याचा सा ठरतो. कधी मध्यमाला सा करावा लागतो. 'लेट इट बी' आम्ही शेवटी पांढरी चारला, म्हणजे एफमध्ये नेलं. मला एकच काळी पट्टी वाढली. गिटारवाल्याने पाचव्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, लावला आणि त्याच्या सीच्याच कॉर्ड वाजवत राहिला. म्हणून गाणं सुचवतानाच "कुठल्या पट्टीत?" हे गायिकेला विचारून घ्या. खोलीत पोहोचल्यावर विचारलंत तर अर्धा तास गेलाच म्हणून समजा.

कीबोर्डवाल्यांना वाटतं, आपल्याकडे ट्रान्सपोजचं, म्हणजे बोटं न हलवता पट्टी बदलायचं, बटण आहे, आपल्याला काय फिकीर! मलाही वाटायचं. कोल्डप्लेचं 'क्लॉक्स' ई फ्लॅटमध्ये आहे, म्हणजे काळी दोनला. मी आळस करून बटणाने अर्धा सूर वर केला आणि बोटं डीवरच ठेवली. ते गाणं झकास झालं. पुढचं होतं सीमधलं, आणि मी बटण परत शून्यावर आणायला विसरले. मी सी शार्पमध्ये, बाकी सगळे सीमध्ये. सगळ्यात वाईट म्हणजे बेसवाल्याला वाटलं त्याच्याच तारा उतरल्यात. तो बिचारा अख्खं कडवं खुंट्या पिळत बसला. आता तो बटण दिसलं की माझ्याकडे संशयाने बघतो.

'क्लॉक्स'बद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण जॅमसाठी पियानोचं गाणं कसं असावं याचा तो नमुना आहे. २००२ चं गाणं. उजव्या हाताने तीनच सूर वरून खाली वाजवायचे : ई फ्लॅट, बी फ्लॅट, जी. पुढच्या दोन आवर्तनांत डी फ्लॅट, बी फ्लॅट, एफ. चौथ्यात सी, ए फ्लॅट, एफ. झालं, बराचसा पियानो एवढ्यावर उभा आहे. गंमत आहे ती वजनात. आठ मात्रांचे तुकडे चार-चार असे न पाडता तीन, तीन, दोन असे पाडलेत. ड्रमर सरळ चालतो आणि पियानो त्याच्या अंगावरून तिरका जातो. आमच्या ड्रमरने लहानपणी ढोलकी वाजवलेली. मी त्याला बोटांवर "एकदोनतीन एकदोनतीन एकदोन" मोजून दाखवलं तर म्हणाला, "हे तर कहरव्यातच बसतं." बसतंच. पियानोची आकृती छोटी, न बदलणारी; तिच्यावर बाकीच्यांनी हवं ते रचावं. दोन कडव्यांनंतर मला कंटाळा येतो हे खरं, पण खोलीतल्या बाकी चौघांना येत नाही.

बिली जोएलचं 'पियानो मॅन' (१९७३) नावापासूनच आपलं वाटतं. ते तीनच्या ठेक्यात आहे. ड्रमरला आधी सांगितलं नाही तर तो सवयीने चार मोजतो आणि दुसऱ्या ओळीला गाडी घसरते. आम्ही त्याला नुसतं "दादरा" म्हणालो. खरा खजिना आहे तो खालच्या सुरांत : वरचा सा, मग नी, ध, प, म, ग, रे आणि शेवटी प. एकेक पायरी उतरत येणारा तो बेस म्हणजेच ते गाणं. तो मी बेसवाल्याला देऊन टाकला. त्या दिवशी तो पहिल्यांदा हसत घरी गेला. जर्नीच्या 'डोन्ट स्टॉप बिलिव्हिन' (१९८१) मध्येही तसंच आहे. पियानोच्या डाव्या हाताची ती धावती ओळ बेस गिटारकडे सोपवली तर उजव्या हाताला फक्त कॉर्ड उरतात. ते ई मेजरमध्ये आहे, गिटारवाल्याचं माहेर. आपल्याला चार काळ्या पट्ट्या लागतात, पण त्याला एकदा तरी खूश करायला काय हरकत आहे!

ही गाणी घेताना आणखी एक जागा बघून ठेवा : शेवट. 'डोन्ट स्टॉप बिलिव्हिन'ची ती सगळ्यांना पाठ असलेली ओळ रेकॉर्डवर अगदी शेवटाकडे येते, आणि ती चालू असतानाच आवाज हळूहळू विरतो. 'हे ज्यूड' (१९६८) सात मिनिटांच्या वर आहे. त्यातली शेवटची जवळपास चार मिनिटं एफ, ई फ्लॅट, बी फ्लॅट, एफ हेच फिरत राहतं आणि तसंच विरतं. खोलीत आवाज विरवायला कुणी बसलेलं नसतं. आम्ही एकदा ते 'ना ना ना' इतका वेळ गात राहिलो की जॅमरूमवाल्याने दार उघडून घड्याळ दाखवलं. तेव्हापासून एकाला शेवटाचा मालक नेमतो. त्याने हात वर केला की चौथ्या फेरीला सगळे एफवर थांबतात.

'बोहेमियन रॅप्सडी' प्रत्येक नव्या ग्रुपमध्ये कुणीतरी सुचवतंच. आपल्याकडे त्याला जरा जास्तच जिव्हाळा आहे, कारण फ्रेडी मर्क्युरी, तेव्हाचा फारुख बलसारा, शाळेला पाचगणीत होता आणि तिथल्या पोरांच्या 'द हेक्टिक्स' नावाच्या बँडमध्ये पियानो वाजवायचा. अभिमान जरूर बाळगावा, पण गाणं घेऊ नये. मधला ऑपेराचा भाग फ्रेडीचा बँड क्वीनसुद्धा रंगमंचावर गात नसे. तेवढ्या वेळापुरती टेप लावून मंडळी आत निघून जात. त्यांना जे जमवायचं नव्हतं ते आपण शनिवारी दुपारी दोन तासांत कुठे जमवणार?

हिंदी गाण्यांत एक चकवा आहे. 'दिल के झरोखे में' (१९६८) म्हटलं की शम्मी कपूर पियानोवर बसलेला डोळ्यांसमोर येतो आणि वाटतं, हे आपलं गाणं. वाजवायला घेतलं की कळतं, पियानोमागे शंकर-जयकिशनचा व्हायोलिनचा ताफा उभा आहे आणि ती सगळी रचना गोव्याच्या सेबास्टियन डिसोझांसारख्या अरेंजरच्या हाताखालून गेलेली. त्या काळच्या पार्टीच्या गाण्यांत पियानो कॅमेऱ्यासाठी असतो तेवढा कानासाठी असतोच असं नाही. पाच जणांत ते उघडं पडतं. त्यापेक्षा 'तुम ही हो' (२०१३) सरळ आहे : पियानोने सुरुवात, मग बाकीचे एकेक करून आत, आणि शब्द सगळ्यांना पाठ. ड्रमर नाक मुरडतो. मुरडू दे.

सामानाचं थोडक्यात. सस्टेनचं, म्हणजे सूर लांबवणारं, पेडल सोबत न्या, पण पाय त्यावर कायमचा ठेवू नका. प्रत्येक कॉर्डला उचला. एकच वायर असेल तर ती कीबोर्डच्या डाव्या, 'मोनो' लिहिलेल्या भोकात घाला. उजव्यात घातली तर अर्धाच आवाज येतो आणि दोष ॲम्पवर जातो. उजवा हात मधल्या सीच्या वर ठेवा. त्याच्या खाली गिटारवाला आधीच आहे.

आणि दोन तासांना चारच गाणी. आम्ही गुरुवारपर्यंत प्रत्येकाने ग्रुपवर एक सुचवायचं असं ठरवलंय, पट्टीसकट. या आठवड्यात ड्रमरने स्टीव्ही वंडरचं 'सुपरस्टिशन' टाकलंय. १९७२ चं, त्यातला कीबोर्ड पियानो नव्हे, क्लॅव्हिनेट, म्हणजे तारांवर चालणारा इलेक्ट्रिक कीबोर्ड. रेकॉर्डवर ड्रमही वंडरनेच वाजवलेत, त्यामुळे ते मुळात ड्रमरचंच गाणं आहे असं याचं म्हणणं. ई फ्लॅट मायनर, म्हणजे जवळजवळ सगळ्याच काळ्या पट्ट्या. बेसवाल्याने लगेच खाली लिहिलं, "ट्रान्सपोजला हात लावायचा नाही." मी अजून उत्तर दिलेलं नाही.